बोलीत हसायचं, मग रडायचं कशात?

 

आजचा विषय विनोदाचा आहे, पण व्याख्यान विनोदी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. विनोद समजावून सांगायला घेतला की तो मरतो. त्यामुळे ते काम आम्ही करणार नाही. आम्हाला एकच प्रश्न विचारायचाय. एखाद्या बोलीतल्या खेळाला माणसं पोट धरून हसतात, तेव्हा ती त्या बोलीत सांगितलेल्या गोष्टीला हसतात, की त्या बोलीलाच हसतात? दोन्ही वेळा हसण्याचा आवाज सारखाच येतो. लांबून फरक कळत नाही. पण ज्याची ती बोली आहे त्याला तो बरोबर कळतो. आपण भवानीनगरची, सणसरची, इंदापूर-बारामतीची माणसं. 'आलतो', 'गेलतो', 'पानी', 'लोनी' म्हणत वाढलेली. पुण्यात शिकायला गेलेल्या प्रत्येक पोराला हा फरक पहिल्या आठवड्यातच कळलेला असतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही मालवणला गेलो. आम्ही म्हणजे एकत्र नाटकं बघणारे, वाचणारे आणि नंतर त्यावर भांडणारे तिघंचौघं. मालवणच का, तर बोलीतला विनोद म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव त्याच बोलीचं निघतं. समुद्रकाठचं गाव, थंडीचे दिवस, आजूबाजूच्या प्रत्येक गावात जत्रा आणि प्रत्येक जत्रेत रात्रभर नाटक. कोणी पोस्टर छापून जाहीर केलेला हा विनोद महोत्सव नाही. पण कार्तिकापासून पुढं काही महिने त्या जिल्ह्यात जे चालतं, त्याला दुसरं काय म्हणायचं?

कोल्हापूर मागं टाकून फोंडा घाट उतरलं की कणकवली लागते, तिथून मालवण. घाट उतरला की भाषा बदलते. आपण 'कुठं' म्हणतो, तिथं 'खंय'. आपण 'मला' म्हणतो, तिथं 'माका'. 'आलो'चं 'इलो' होतं. पहिल्या चहाच्या टपरीवर निम्मं समजतं, निम्मं अंदाजानं घ्यावं लागतं.

मालवण तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत आम्ही दशावतार बघितला. तिकडं त्याला 'धयकालो' असंही म्हणतात, म्हणजे दहीकाला. देवळासमोर मांडव, एका बाजूला खाज्याची आणि भज्यांची दुकानं, माणसं चटया टाकून बसलेली. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. पायपेटी, मृदंग आणि झांज वाजवणारे एका अंगाला. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं, प्रसंग कोणते, कोण कुणाची भूमिका करणार, एवढं आधी ठरतं. संवाद उभ्याउभ्या सुचतात. समोरच्यानं एक वाक्य टाकलं की दुसऱ्यानं ते उचलायचं.

खेळाची सुरुवात पूर्वरंगानं होते. त्याला आड दशावतार म्हणतात. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग येतो संकासुर. काळ्या वेशातला, वेद चोरणारा राक्षस. इथं आम्ही कान टवकारून बसलो, कारण भाषेची खरी गंमत इथं सुरू होते. देव बोलतात ती शुद्ध, जड, संस्कृत शब्दांनी भरलेली मराठी. संकासुर बोलतो ती मालवणी. भटजी त्याला काहीतरी भारदस्त ऐकवतो, आणि हा सरळ सांगून टाकतो की बाबा, 'माका कळणा नाय'. मग गावातल्या रस्त्यापासून मोबाईलच्या रेंजपर्यंत सगळं त्या वेद चोरणाऱ्या राक्षसाच्या तोंडून बाहेर पडतं. मांडव हसून लोळतो.

आता त्या हसण्याकडं नीट बघा. मांडवातल्या प्रत्येकाच्या घरची भाषा मालवणी. म्हणजे ते संकासुराच्या बोलण्याला हसत नव्हते. संकासुराच्या बाजूनं, त्याच्या शेजारी उभं राहून ते भटजीच्या भाषेला हसत होते. विनोदाचा रोख घरच्या भाषेवर नव्हता. घरात घेताना पायताण काढून यावं लागतं अशा त्या दुसऱ्या भाषेवर होता.

ही काही कोकणचीच करामत नाही. आपल्याकडच्या तमाशात गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली, की वगात राजा बोलतो दरबारी भाषा आणि सोंगाड्या बोलतो आपली. राजानं 'प्रधानजी' म्हटलं की सोंगाड्या त्या शब्दाची अशी काही वाट लावतो की राजाचा मुकुट नुसता शोभेचा उरतो. त्याही मागं जायचं तर संस्कृत नाटकातला विदूषक घ्या. जातीनं ब्राह्मण, राजाचा मित्र, पण बोलतो प्राकृत. राजा संस्कृत बोलतो. शतकानुशतकं आपल्या रंगभूमीनं ही वाटणी सांभाळली आहे : सत्तेची भाषा एक, हसण्याची भाषा दुसरी. तमाशाच्या या घाटाचं फार वरचं उदाहरण म्हणजे वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा'. १९६५ साली ते आलं आणि दादा कोंडके महाराष्ट्रभर पोचले. राजाला टोचायचं काम त्यात हवालदार करतो, आणि त्याचं हत्यार म्हणजे त्याची बोली.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण त्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर पूर्वरंग संपला आणि आख्यान लागलं. राजाचं राज्य गेलं, राणी वनात गेली, मूल आजारी पडलं. मघाशी लोळून हसणारा मांडव आता चिडीचूप. आमच्या पुढं बसलेल्या एक आजी पदरानं डोळे पुसत होत्या. आणि आमच्या लक्षात आलं की ती राणी रडत होती शुद्ध मराठीत. 'प्राणनाथ', 'हे विधात्या', असं. ज्या बाईला रडू येत होतं, तिच्या घरात कुणी मेलं तर ती या भाषेत रडणार नाही. पण रंगमंचावर दुःख आलं की बोली विंगेत निघून जाते. हसायला मालवणी, रडायला प्रमाण मराठी. वाटणीची दुसरी बाजू ही आहे, आणि आजचं आमचं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

आता 'वस्त्रहरण'कडे येऊ. गंगाराम गवाणकर यांचं हे नाटक १९८० मध्ये मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं. मच्छिंद्र कांबळी यांनी त्यातला तात्या सरपंच केला आणि पुढं पाच हजारांवर प्रयोग झाले. सुरुवातीला ते चालत नव्हतं. पु. ल. देशपांडे यांनी कौतुक केलं आणि मग गर्दी वळली, हा किस्सा नाट्यवर्तुळात सगळ्यांना पाठ आहे. नाटक लंडनलाही जाऊन आलं. पण किश्शांमध्ये नाटक हरवू नये म्हणून त्याची रचना बघू.

एका गावातली माणसं द्रौपदी वस्त्रहरणाचं पौराणिक नाटक बसवतात. तालमीपासून प्रयोगापर्यंत सगळा सावळागोंधळ. पात्रांना पौराणिक मराठी बोलायची आहे आणि ती काही जिभेवर बसत नाही. तोंड उघडलं की दोन शब्द नाटकाचे आणि तिसरा घरचा. म्हणजे दशावतारात जे दोन वेगळ्या पात्रांत वाटलेलं होतं, ते गवाणकरांनी एकाच माणसाच्या तोंडात कोंबलं. एकच माणूस वरून भीम आणि आतून शेजारचा अमुक. हसू येतं ते भीमातून तो शेजारी डोकावतो तेव्हा. हे फार बुद्धीचं काम आहे. नुसते चार गावरान शब्द पेरून ते होत नाही.

त्यात हरतं कोण? आमच्या मते पौराणिक मराठी हरते. मालवणी एकदाही हरत नाही. संकटात सापडलेलं प्रत्येक पात्र तिच्याकडंच धाव घेतं आणि ती त्याला सोडवते. भांडायला, शिवी द्यायला, सारवासारव करायला, प्रेक्षकांची माफी मागायला तीच उपयोगी पडते. नाटकाची खरी नायिका द्रौपदी नाहीच, ही बोली आहे.

पण हे झालं नाटकात काय लिहिलंय ते. बघणाऱ्यानं काय घेतलं, हा वेगळा प्रश्न. मुंबईत गिरणगावात हजारो कोकणी माणसं राहत होती. चाकरमानी. गावात मालवणी आणि लोकलमध्ये मराठी, अशी त्यांची दोन तोंडं. त्यांनी शिवाजी मंदिरात बसून तात्या सरपंचाला ऐकलं तेव्हा ते मांडवातल्या माणसांसारखे, आतून हसले. त्यांच्यासाठी ते नाटक म्हणजे 'आपली भाषा तिकीट लावून ऐकायची असते' याचा पुरावा होता. हे ऋण मोठं आहे. ज्या बोलीची लाज वाटायची, ती बोली ऐकायला रांगा लागल्या. विनोदानं हे केलं. दुसऱ्या कुठल्याही साहित्यप्रकारानं इतक्या लवकर केलं नसतं. म्हणून 'विनोदानं बोलीची टवाळी झाली' असं सरसकट म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

पण त्याच सभागृहात दोन रांगा सोडून असाही कुणी बसलेला असतो, ज्याच्या घरात ती बोली कधी नव्हती. तो कशाला हसतो? त्याला पौराणिक मराठीची फजिती दिसत नाही. त्याला गावंढळ माणसांची फजिती दिसते. ज्यांना नीट बोलता येत नाही अशा माणसांचं नाटक, असं तो ते बघतो. आणि खरं सांगायचं तर नाटकात त्यालाही पुरेल एवढा मसाला आहे. गावकऱ्यांचं अज्ञान, त्यांचा आचरटपणा यांवर काही हशे उभे आहेत. ते हशे कमी असते तर नाटक लहान झालं असतं असं आम्हाला वाटत नाही. एकाच वाक्यावर एकाच क्षणी दोन वेगळी हसू फुटतात, आणि नटाला, निर्मात्याला, गल्ल्याला ती वेगळी ऐकू येत नाहीत.

पुढं काय झालं? मालवणी नाटकांची रांग लागली, कांबळींची 'भद्रकाली' त्यात पुढं होती, आणि एक सवय पडली. रंगमंचावर कुणी मालवणीत तोंड उघडलं की विनोद व्हायच्या आधीच लोक हसायला लागले. ही सवय फार घातक. प्रेक्षक आधीच हसून मोकळा झाला की नटाला दुसरं काही करायला जागाच उरत नाही. बोलीला दार उघडून मिळालं, पण ते एकाच खोलीचं. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये याच मुलखातली माणसं आहेत. ती हसवतात आणि हसवता हसवता गळा दाटून आणतात. पण ते पुस्तकाच्या पानावर, एकट्यानं वाचताना. नाट्यगृहात, हजार माणसांच्या मध्ये बसून, मालवणीत रडण्याची संधी मालवणी माणसाला फार कमी मिळाली. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली आणि लोक मालवणी ऐकून घाबरले, तेव्हा कुठं थोडं वेगळं घडलं. भीती का होईना, हसण्यापलीकडचं काहीतरी त्या बोलीच्या वाट्याला आलं.

आता थोडं लांब जाऊ. याच प्रश्नाची उलटी बाजू बघायला आपल्याला दुसऱ्या एका समुद्रकाठच्या गावाकडं बघावं लागेल. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर वेल्समध्ये ॲबरिस्टविथ नावाचं गाव आहे. समुद्राकडेनं फिरायचा रस्ता, पाण्यात गेलेला जुना धक्का, टेकडीवर चढणारी छोटी रेल्वे, विद्यापीठ आणि वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय. तिथं २०१८ पासून विनोद महोत्सव सुरू झाला. बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत, आणि त्यांच्या जोडीला काही वेल्श भाषेत. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलता येणारे १७.८ टक्के निघाले, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. आपल्या एका इंदापूर तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे. त्यावरून अंदाज करा, केवढी लहान भाषा आहे ती.

पण या लहान भाषेकडं एक गोष्ट आहे जी मालवणीकडं नाही, आणि आपल्या बोलीकडंही नाही. तिच्याकडं आधीपासून गांभीर्य आहे. १५८८ मध्ये तिच्यात पूर्ण बायबल आलं. प्रार्थनामंदिरातली प्रवचनं तिच्यात झाली. 'आयस्टेदवॉद' नावाचा त्यांचा साहित्य-संगीताचा मोठा वार्षिक मेळा असतो. त्यात वृत्तबद्ध कवितेच्या विजेत्याला चक्क खुर्ची देतात, सन्मानाची, कोरीव काम केलेली. शाळेत वेल्श बोललं म्हणून मुलांच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, असा काळही या भाषेनं काढला. आणि याच ॲबरिस्टविथमध्ये, २ फेब्रुवारी १९६३ ला, तरुण मुलांनी ट्रेफेखन पुलावर बसून रस्ता अडवला. मागणी काय, तर न्यायालयाचं समन्स आम्हाला आमच्या भाषेत द्या. १९८२ मध्ये त्यांनी भांडून स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी मिळवली.

म्हणजे वेल्श ही प्रार्थनेची, कवितेची, आंदोलनाची भाषा. घरातल्या बैठकीत, गाण्याबजावण्याच्या रात्रीत तिच्यात हसणं होतंच. पण लोकांच्या मनातली तिची प्रतिमा गंभीर. अशा भाषेत आज कुणी पोरगं माइक धरून आपल्या सासूवर, आपल्या बँकेवर, आपल्या प्रेमभंगावर विनोद करतं, तेव्हा ते एक वेगळं काम करत असतं. ते भाषेला देव्हाऱ्यातून ओसरीवर आणत असतं. वेल्शला खुर्ची होती, तिला ओटा हवा होता. मालवणीला ओटा आहे, तिला खुर्ची हवी आहे. दोघींची गरज उलटी, पण दुखणं एकच : अर्धं आयुष्य. ज्या भाषेत फक्त रडता येतं ती हळूहळू स्मारक होते. ज्या भाषेत फक्त हसता येतं तिचं खेळणं होतं.

कुणी म्हणेल, वेल्श ही स्वतंत्र भाषा, मालवणी बोली, तुलना कशाला? ठीक आहे. पण ज्या मराठीला आज आपण प्रमाण म्हणतो, तीही एकेकाळी संस्कृतपुढं अशीच उभी होती. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं भाष्य तिच्यात सांगितलं, तेव्हा तिला खुर्ची मिळाली. भाषा आणि बोली यांच्यातली रेघ कुणीतरी, कधीतरी ओढलेली असते. ती पुसताही येते.

आता घरी येऊ. आपल्या बोलीचं काय?

आपल्या शेजारचं अकलूज. तिथं १९२७ मध्ये द. मा. मिरासदार जन्मले. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथन गावोगाव नेलं. मोठमोठी सभागृहं भरायची. मिरासदारांच्या गोष्टी वाचून हसला नाही असा माणूस आपल्या भागात मिळणं कठीण. पण त्यांच्या गोष्टीची बैठक बघा. सांगणारा बहुतेक वेळा प्रमाण मराठीत सांगतो आणि पात्रं गावाकडचं बोलतात. सांगणारा शहाणा, मिस्कील, आणि पात्रं भाबडी किंवा बेरकी. ऐकणारा नकळत सांगणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो, पात्राच्या शेजारी बसत नाही. यात दुष्टावा नाही. मिरासदारांचं त्या माणसांवर प्रेम आहे, ते ओळीओळीत दिसतं. तरी बैठक ती आहे, आणि पुढं ज्यांच्याकडं मिरासदारांचं प्रेम नव्हतं त्यांनी फक्त बैठक उचलली. टीव्हीवरच्या कितीतरी प्रहसनांत 'ण'ला 'न' म्हणणारा, 'लय' म्हणणारा माणूस आला की तो नोकर, वेंधळा किंवा गुंड असतो. डॉक्टर कधी 'लय ताप हाय' म्हणत नाही.

याला धक्का दिला तो आपल्याच शेजाऱ्यानं. उजनीच्या पाण्यापलीकडं करमाळा तालुका. जेऊरचे नागराज मंजुळे. २०१६ मध्ये त्यांचा 'सैराट' आला आणि आपण सगळ्यांनी तो बघितला, काहींनी चारचार वेळा. अकलूजची रिंकू राजगुरू त्यात आर्ची झाली. पहिल्या भागात लोक किती हसले ते आठवा. आर्ची त्या पोरांना दम देते, बुलेटवर येते, टाळ्या पडतात. शहरातले प्रेक्षकही हसले, आणि त्यांच्यातले काही बोलीला हसले हेही खरं. पण मंजुळेंनी एक गोष्ट पक्की धरली. पात्रांना दुःख झाल्यावर भाषा बदलली नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्ची घरच्या आठवणीनं कोसळते, ती याच बोलीत. परशा चिडतो, संशय घेतो, माफी मागतो, ते याच बोलीत. आणि शेवटी भाषाच उरत नाही. आवाज काढून घेतलाय. रक्तानं भरलेल्या पायांचं एक लहान मूल चालत जातं. पहिल्या तासात त्या बोलीला हसलेला प्रेक्षकही तिथं गप्प होता. दीड तासानं त्याला कळलं की आपण ज्यांना हसलो, ती माणसं मरू शकतात.

दशावतारात जे झालं नाही, 'वस्त्रहरण'ला जे करायचंच नव्हतं, ते इथं झालं. एकाच बोलीत, त्याच तोंडातून, हसू आणि रडू. म्हणून आमची बोलीविनोदाची कसोटी साधी आहे. पात्र विनोदी बोललं, लोक हसले, उत्तम. आता त्याच पात्रानं, त्याच बोलीत, पाच मिनिटांनी एक दुःखाचं वाक्य टाकावं. सभागृह गप्प बसलं तर मघाचं हसू निरोगी होतं. लोक तरीही हसले, तर ते मघाशीही माणसाला हसत होते, गोष्टीला नव्हे. लेखकानं, नटानं, दिग्दर्शकानं प्रत्येक नाटकात असं वाक्य घालावं असं नाही. पण ते घालता येईल का, हा विचार प्रत्येकानं करावा.

आता शेवटचा मुद्दा. हा कदाचित आवडणार नाही. पण भवानीनगरात उभं राहून हा मुद्दा टाळला तर मालवणपर्यंत जाण्याचं पेट्रोल वाया गेलं म्हणायचं.

आपल्या कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन आलेली. कालव्याच्या कडेला, फडाच्या शेजारी कोप्या पडतात. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणं, गाडी भरणं. त्यांची पोरं आपल्या पोरांच्या आसपास चार-पाच महिने असतात. ती 'करायलो', 'जायलो' म्हणतात. आणि आपल्या गावागावांतल्या गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात, मोबाईलवरच्या पोरांच्या छोट्या व्हिडिओत ऊसतोड्याचं सोंग हमखास येतं. कसं येतं? डोक्याला फडकं, हातात कोयता आणि तोंडात तीन वेळा 'करायलो'. बस्स. चौथं वाक्य लागतच नाही. लोक हसतात.

पुण्यानं आपल्या 'आलतो'चं जे केलं, तेच आपण त्यांच्या 'जायलो'चं करतो. उतरंडीत प्रत्येकाला खाली एक मडकं सापडतं. आणि गंमत बघा, याच मराठवाडी बोलीला लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी करून केवढी उंची दिली. त्याच्या प्रयोगाला आपल्याकडंही गर्दी झाली. रंगमंचावर त्या बोलीला आपण दाद दिली, आणि बांधावर तिलाच टिंगलीचा विषय केला. त्या संकासुराच्या मांडवात हसणारे सगळे एकाच बाजूला होते. आपल्या स्नेहसंमेलनात मात्र कोपीतलं ते पोरगं मागं उभं राहून आपल्याच आईच्या बोलण्याची नक्कल बघत असतं. त्याला हसू येत असेल का?

तर मग करायचं काय? सोंगावर बंदी घाला, असं आम्ही म्हणत नाही. बंदीनं विनोद सुधारत नाही, तो फक्त दबक्या आवाजात चालू राहतो. आमची सूचना एवढीच की पुढच्या वेळी ऊसतोड्याचं सोंग करणाऱ्या पोरांना कोप्यांवर जाऊ द्या. तिथल्या पोरांना आपल्यातल्या कुणाची नक्कल येते ते विचारू द्या. येते, खात्रीनं येते. मुकादमाची येते, स्लिपबॉयची येते, काट्यावरच्या बाबूची येते, आपल्यासारख्या बागाईतदाराची तर फारच चांगली येत असेल. ती एकदा आपल्या मंचावर होऊ द्या. त्यांच्या बोलीत, त्यांच्या तोंडून, आणि आपण पुढच्या रांगेत बसलेले. मग आपणही थोडं हसू, थोडं हलू. आणि त्यातल्याच एखाद्या पोरीला वाटलं, की हसवून झाल्यावर आता कोपीत राहणाऱ्या आपल्या आईचं काहीतरी सांगावं, तर तेही तिनं 'जायलो', 'करायलो' म्हणतच सांगावं. तेव्हा आपलं सभागृह गप्प बसतं का, ते बघायला आम्ही नक्की येऊ.

वेळ झालीय. इथं थांबतो. कुणाला विरोध करायचा असेल तर आधी त्यांचे प्रश्न घेऊ, आणि तुमच्या बोलीत विचारा.